मिफ्ताहची आत्या

नजमियानं चहाचा पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि न पिता परातीशेजारी ठेवून दिला. एवढंच झालं. गॅरेजमध्ये चौघीजणी होत्या, शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात टोमॅटोचा रस्सा रटरटत होता, बंदराच्या दिशेनं काहीतरी धडाडून पडलं आणि छताची माती मळलेल्या पिठावर भुरभुरली; पेल्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. वनीसाचं मात्र होतं. त्या पेल्यातला वरचा अर्धा चहा तिनं प्यायलेला होता. शाळेत असल्यापासून दोघींची ही रीत होती. वरचा कडू अर्धा वनीसाचा, तळाचा नजमियाचा, कारण साखर तळाशी बसते आणि नजमियाला गोड लागतं. नजमियाच्या लग्नात मेंदीच्या हातांनी ती पेला धरू शकत नव्हती तेव्हा वनीसानंच तो तिच्या तोंडाला लावला होता. वनीसाची आई गेली त्या दिवशी कुणी काही खायला तयार नव्हतं, तेव्हासुद्धा अर्धा-अर्धा चहा झाला होता. आता पेला तसाच राहिला. वरचा फेस विरला. एक माशी आली आणि वनीसाचे ओठ लागले होते त्या काठावरून चालत गेली. "पी ना, निवतोय," वनीसा म्हणाली. "नको गं. पित्त झालंय," नजमिया म्हणाली. आणि थोड्या वेळानं इंतिसारनं ओतून दिलेला दुसरा पेला तिनं उभ्या-उभ्या गटागटा पिऊन टाकला.

ती दुःखात आहे, वनीसानं स्वतःला समजावलं. दुःखात माणसाला चवसुद्धा नकोशी होते. नजमियाचा धाकटा भाऊ अयाद मागच्याच आठवड्यात मोठ्या रस्त्यावर पडला होता; उंच इमारतीवरच्या नेमबाजानं त्याच्या मानेत गोळी घातली तेव्हा त्याच्या हातात बंदूक नव्हती, पाण्याचा डबा होता. वनीसानं त्याला अक्षरं शिकवली होती. मुलींच्या शाळेत ती अरबी शिकवायची. पण अयाद पाच वर्षांचा असताना रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि 'सीन' या अक्षराचे दात तीनच का, चार का नाहीत म्हणून भांडायचा. त्याचा देह घरी आणला तेव्हा वनीसा रडली. फार रडली. रडता-रडता तिच्या लक्षात आलं की खोलीतल्या बाकीच्या बायकांचं रडणं मंदावलंय, त्या तिच्याकडं बघतायत, आणि ते बघणं काही सांत्वनाचं नव्हतं. एवढं रडायला ही कोण, असं ते बघणं. की तेही तिला नुसतं वाटलं होतं? हल्ली तिला फार काय-काय वाटायचं. दारामागं बोलणं थांबल्यासारखं वाटायचं. आपण परातीशी बसलो की शेजारची किंचित सरकते असं वाटायचं. मग ती मनाशी म्हणायची, सरकली तर सरकली, गॅरेजमध्ये जागा तरी किती आहे.

थंडी सरता-सरता शहरातली पोरं रस्त्यावर उतरली होती. सरकारनं आधी अश्रुधूर सोडला, मग गोळ्या, आणि मग फौजच आणून मिस्रात्याला तिन्ही बाजूंनी वेढा दिला. चौथ्या बाजूला समुद्र होता म्हणून शहर जिवंत होतं. वीज गेली, नळाचं पाणी गेलं. वाळू भरलेले ट्रक रस्त्यात आडवे लावून पोरांनी गल्ल्या अडवल्या. आणि नजमियाच्या घराखालचं गॅरेज, जिथं तिचा नवरा गाडी ठेवायचा, तिथं आळीतल्या बायकांनी चूल मांडली. पहिल्या दिवशी 'वनीला बोलवा, तिच्याशिवाय माझा हात चालत नाही' असं नजमियाच म्हणाली होती. ते पहिले दिवस! भीती होती, पण तिच्यात लग्नघराची धांदल मिसळलेली होती. हाज्जा गझाला, आळीतली सगळ्यांत म्हातारी, खुर्चीत बसून हुकूम सोडायची. इंतिसार नवी नवरी, तिला बाज़ीनचा गोळासुद्धा धड वळता यायचा नाही, सातूच्या त्या उंड्याला भेगा पडल्या की हाज्जा ओरडायची, "अगं, हा घास आहे की दगड? आपली पोरं गोळ्यांनी नाही मरायची, तुझ्या बाज़ीननं मरतील!" आणि चौघी हसत सुटायच्या. कोपरापर्यंत पिठात बुडालेले चारी जणींचे हात एकसारखे पांढरे दिसायचे.

त्या हातांकडं बघताना वनीसाला एकदा जुनं आठवलं होतं. दोघी सात-आठ वर्षांच्या असतील. नजमियाच्या आजीच्या अंगणात पिठाचं पोतं उघडं होतं, आणि नजमियानं दोन्ही मुठी भरून वनीसाच्या तोंडाला पीठ चोळलं. गालांना, कपाळाला, कानांच्या मागं, मन लावून, कुठं राहू नये म्हणून जीभ बाहेर काढून. "थांब, हलू नकोस. आता झालीस बघ आमच्यासारखी." मोठ्या बायका पोट धरधरून हसल्या होत्या. वनीसाही हसली होती. घरी गेल्यावर आईनं एक शब्दही न बोलता तिचं तोंड धुतलं, इतकं घासून की पीठ गेल्यावरही ती घासतच राहिली. आई असंच करायची, बोलायची नाही. वनीसाचे वडील दक्षिणेकडच्या रस्त्यावरच्या खजुरींच्या गावातून पोलाद कारखान्यात कामाला आले आणि इथंच राहिले. त्या गावाला मिस्रात्यात खालचं गाव म्हणायचे. रस्ता तिकडं उतरत जातो म्हणून खालचं, असं वडील सांगायचे. तिथली माणसं काळी होती. वनीसाही काळी होती. भाऊ वडिलांच्या मागं परत गावी जाऊन राहिला. वनीसा राहिली, कारण तिची शाळा इथं होती, आईची कबर इथं होती, आणि नजमिया इथं होती.

आता त्या गावात सरकारची फौज उतरली होती. तिथूनच तोफा डागतात, तिथली माणसं फौजेला सामील झाली, असं सगळे म्हणत होते. काही झालीही असतील. मग गोष्टी येऊ लागल्या. कुणाच्या घरात शिरले, कुणाच्या सुनेला ओढून नेलं. गोष्ट सांगणारीनं स्वतः काही पाहिलेलं नसायचं, तिला तिच्या बहिणीच्या शेजारणीनं सांगितलेलं असायचं. आणि दरवेळी गोष्टीतला माणूस काळा असायचा. हाज्जा गझाला मसूर निवडता-निवडता म्हणायची, "खालच्या गावचे मेले! आमच्या अन्नावर वाढले आणि आमच्याच पोरींवर..." आणि मग एकदम वनीसाकडं वळून, "तुला नाही हं म्हणत, पोरी. तू तर आमचीच." बाकीच्या दोघी लगेच म्हणायच्या, "हो तर! वनी आमचीच." सुरुवातीला हे ऐकून बरं वाटायचं. मग रोज ऐकून वनीसा त्या शब्दात अडखळायला लागली. आमची म्हणजे कशी? आमची बहीण, आमची सून, तशी? की आमची शेळी, आमची विहीर, तशी? वनीसाची आजी, आईची आई, नजमियाच्या आजोबांच्या घरी दळणकांडण करायची, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. मैत्री म्हणजे काय-काय बोलायचं नाही याचा मुकाट करार असतो, असं वनीसाला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

पेला तसाच राहिला त्या दुपारी हाज्जानं पुन्हा तो विषय काढला, आणि वनीसानं काय करावं? तिनं हातातला उंडा परातीत आपटला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, "त्यांना जिवंत जाळलं पाहिजे! एकेकाला! ते गावच नांगरून टाकलं पाहिजे!" तिचा आवाज गॅरेजच्या भिंतींना लागून परत तिच्याच कानांवर आला. त्या गावात तिचा भाऊ होता, वहिनी होती, वडिलांनी लावलेल्या खजुरी होत्या. इंतिसारनं दचकून मान खाली घातली. हाज्जा समाधानानं म्हणाली, "बघा. मिठाला जागणारी पोर." आणि नजमिया? वनीसानं तिच्याकडं बघितलं, खरं तर तिच्याचसाठी ती ओरडली होती. नजमिया कांदा चिरत होती. वर न बघता, अगदी हळू, जणू कांद्याशीच बोलावं तसं ती म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं? तुला कुणी विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी दोघींना शाळेत जेवण घेऊन जायचं होतं. वनीसाचीच शाळा, आता तिथं कैदी ठेवले होते. फौजेचे पकडलेले शिपाई, संशयावरून धरलेले, रस्त्यात सापडलेले. त्यांना जेवण पाठवणं हाज्जाला पसंत नव्हतं. "आमच्या पोरांच्या तोंडचा घास," ती कुरकुरली. पण कैद्याला उपाशी मारणं पाप, म्हणून तिनंच मकरोनीच्या पातेल्यात दोन पळ्या तेल जास्त घातलं. भिंतीच्या आडोशानं, वाकून, पातेल्याचा एक कान नजमियाच्या हातात आणि दुसरा वनीसाच्या, अशा त्या चालल्या. मधल्या चौकात पळावं लागायचं, कारण तो इमारतीवरून दिसायचा. दोघी एकदमच पळाल्या, एकच पाऊल पडल्यासारख्या, रस्सा सांडू न देता; आणि पलीकडच्या भिंतीला पाठ लावून धापा टाकताना नजमियाला हसू आलं. "म्हातारपणी पळापळी आली गं आपल्या नशिबी," ती म्हणाली. तेवढ्या एका हसण्यावर वनीसाचं मन भरून आलं. सगळं आपल्या मनाचे खेळ होते, ती मनात म्हणाली. पित्त झालं असेल खरंच.

शाळेच्या आवारात बाकांचा ढीग पडला होता, अर्धे सरपणाला गेले होते. वनीसाच्या वर्गात वीसेक माणसं भिंतीला टेकून बसलेली, हात बांधलेले. दाराशी बंदूक घेऊन उभा होता तो पोरगेला माणूस पूर्वी बाजारात मोबाइलचं दुकान चालवायचा. वनीसानं त्याच्याकडूनच फोन घेतला होता. "या, मावशी," तो नजमियाला म्हणाला. वनीसाला तो काहीच म्हणाला नाही. वर्गात मुताचा आणि रक्ताचा वास होता, आणि त्याच्याखाली कुठंतरी खडूचा. नजमिया वाढत होती, वनीसा ताटल्या पुढं करत होती. खिडकीखालच्या माणसाजवळ ती वाकली आणि तो म्हणाला, "आत्या."

मिफ्ताह होता. तिच्या भावाचा थोरला. तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. दर आठवड्याला पिकअप घेऊन खजूर आणि कलिंगडं विकायला मिस्रात्यात यायचा आणि जाताना आत्याच्या ओट्यावर एक कलिंगड ठेवून, हाक न मारता निघून जायचा, कारण आत्या थांबवून घेऊन जेवू घालते आणि उशीर होतो. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "आत्या, सांग ना यांना," तो घाईघाईनं म्हणाला. "वेढा पडला तेव्हा मी इथंच अडकलो गं. गोदामात झोपत होतो. बंदूक कशी धरतात तेसुद्धा मला ठाऊक नाही. यांना सांग मी कोण ते. आळीत सगळे ओळखतात मला."

मोबाइलवाला पुढं आला. "हा रोज हेच सांगतो. मी भाजीवाला, मी ड्रायव्हर. कुणी साक्ष देणारा असेल तर मुख्य माणूस सोडायला तयार आहे, नाही तर उद्या याचा निकाल." मग त्यानं वनीसाकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. आधी चेहऱ्याकडं, मग हातांकडं, मग परत चेहऱ्याकडं. "तुम्ही याच्या आत्या? म्हणजे तुम्हीपण खालच्या गावच्या?"

वनीसानं नजमियाकडं बघितलं. किती वेळ बघितलं? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच असेल; पण नंतर कितीतरी दिवस ती त्या क्षणाच्या आत फिरत राहणार होती, एखाद्या मोठ्या घरात फिरावं तशी, दार सापडत नसल्यासारखी. नजमिया मिफ्ताहला ओळखत होती. दर उन्हाळ्यात त्याच्या गाडीतली कलिंगडं थापट्या मारून-मारून निवडायची, भावावरून त्याच्याशी भांडायची, 'तुझी आत्या माझी मैत्रीण, मला कसला भाव सांगतोस' म्हणून दोन फुकट उचलायची. त्याच्या लग्नाला ती त्या गावात गेली होती, पाय दुखेपर्यंत नाचली होती. तिनं एक शब्द बोलावा. अयादची बहीण ती. तिच्या शब्दाला वजन होतं, तिच्या एका शब्दावर दोरी सुटली असती. नजमियाच्या हातातली पळी पातेल्याच्या वर थांबलेली होती. पळीतून रस्सा थेंब-थेंब गळत होता. आणि नजमिया त्या थेंबांकडं बघत होती. ती आता बोलणार नाही, हे वनीसाला कळलं. आणि कळलं त्याच क्षणी तिला त्या वर्गाच्या भिंती दिसल्या, भिंतीला टेकलेली माणसं दिसली, आणि त्यांच्यातली एक जागा रिकामी दिसली. तिचं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "मी यांना ओळखत नाही."

मिफ्ताहचा एक डोळा उघडा होता. त्या डोळ्यानं तो तिच्याकडं बघत राहिला. मग तो हसला; फुटलेल्या ओठानं जमेल तेवढंच. "चुकलं माझं," तो मोबाइलवाल्याला म्हणाला. "डोळ्यानं दिसत नाही नीट. मला वाटलं माझी आत्या. माझी आत्या ह्यांच्यापेक्षा जाडी आहे." मग वनीसाला म्हणाला, "माफ करा, बाई. वाढा." वनीसानं त्याच्यापुढं ताटली ठेवली. नजमियानं पळी रिती केली. त्याचे हात बांधलेले होते, तो खाणार कसा हे कुणी विचारलं नाही. त्या पुढच्या माणसाकडं सरकल्या.

परतताना पातेलं हलकं होतं, एकटीलाही पेललं असतं. तरी दोघींनी दोन्ही कान धरले होते. चौकात त्या पळाल्या नाहीत. दोघीही चालतच गेल्या, आणि कुणी गोळी झाडली नाही.

सकाळी वनीसा गॅरेजमध्ये उतरली तेव्हा पीठ भिजवून झालं होतं. ती बाह्या सरसावून बसणार तोच नजमिया म्हणाली, "तो गेला." आवाजात काही नव्हतं. "कोण गं?" इंतिसारनं विचारलं. "वनीचा भाचा. कलिंगडवाला मिफ्ताह. आत्ता पहाटे. माझा दीर सांगत आला." मग तिनं सगळं सांगितलं. काही वाढवून नाही, काही गाळून नाही. त्यानं आत्या कसं म्हटलं, साक्ष कशी मागितली, वनीसा काय म्हणाली, त्यानं माफी कशी मागितली. फक्त पळी थांबली होती तेवढं सांगितलं नाही. आपल्या आत नेमकं काय होतंय ते वनीसाला कळत नव्हतं. तो गेला हे शब्द कानात शिरले होते पण खाली उतरत नव्हते. तिचं लक्ष परातीतल्या पाण्याच्या एका बुडबुड्याकडं होतं; तो फुटेल, मग आपण रडू, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. बुडबुडा फुटला. रडू आलं नाही.

"सख्खा भाचा?" हाज्जानं विचारलं.

"सख्ख्या भावाचा पोरगा," नजमिया म्हणाली.

हाज्जा गझालानं मांडीवरची मसुराची ताटली बाजूला ठेवली. परवा जिवंत जाळायला निघालेलीला मिठाला जागणारी म्हणाली होती तीच ती म्हातारी. आता तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी शिसारी होती. "खालच्या गावचा असला तरी रक्त होतं गं तुझं ते," ती म्हणाली. "कोंबडीसुद्धा पिल्लासाठी मांजरावर धावून जाते. जी रक्ताला ओळखत नाही ती आमच्या मिठाला काय ओळखणार? उद्या आमच्यावर वेळ आली तर म्हणशील, ह्या कोण बायका?" वनीसा नजमियाकडं वळली. जिभेवर आलं होतं, तूपण ओळखत होतीस. तिथंच होतीस. पण हे शब्द बाहेर पडले तर नजमियाचं काय होईल, असा विचार आधी तिच्या मनात आला. आयुष्यभराची सवय, नजमियाला सांभाळायची. आणि नजमिया तिच्याकडं अशी रोखून बघत होती, जणू ते शब्द तिला वनीसाच्या दातांमागं दिसतायत, आणि बोल, बोलून तर बघ, असं ती म्हणतेय. तेव्हा वनीसाला उमगलं. नजमियाला मिफ्ताहचं दुःख झालेलं नव्हतं, वनीसाचा रागही आलेला नव्हता. तिला फक्त आपण केलेलं नजरेसमोर नको होतं, आणि ते आता वनीसाच्या चेहऱ्यात येऊन बसलं होतं. वनीसानं हात धुतले. पाणी मोजकं असायचं, म्हणून पीठ पुरतं निघालं नाही. ती पायऱ्या चढून आपल्या घरी निघाली, आणि मागं कुणी बसही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

ती घरात पडून राहिली. गोळे पडत होते, भिंतीतून माती गळत होती; आपल्या छतावर पडला तर बरं, असं वाटत होतं, आणि प्रत्येक शिट्टीसरशी अंग आपोआप पलंगाखाली सरकत होतं. अंगाला एवढं जगायचंय तरी कशासाठी, याची तिला लाज वाटली. भावाला काय सांगायचं हा प्रश्न नव्हता. फोन कधीच बंद पडले होते. गावात आता भाऊ तरी होता की नाही कोण जाणे. ती फक्त मिफ्ताहचं ते वाक्य मनात घोळवत होती. माझी आत्या ह्यांच्यापेक्षा जाडी आहे. गेल्या काही आठवड्यांत ती खरंच वाळली होती. तो थट्टा करत होता की खरंच ओळखू न आल्यासारखं त्याला क्षणभर वाटलं होतं? तिला ते दुसरं खरं असायला हवं होतं. तसं ती स्वतःला पटवत राहिली, आणि अगदी पटत आलं की त्याचा तो एक डोळा उघडायचा.

नजमिया आली ती भर दुपारी, बगलेत गाठोडं घेऊन, दार न ठोठावता. "ऊठ. आज जावं लागेल तुला," ती म्हणाली. "माझा दीर विचारत होता, खालच्या गावची ती बाई कोणत्या घरात राहते म्हणून. मी म्हटलं ठाऊक नाही." आणि आपण काय बोललो ते कळून ती क्षणभर थांबली. मग घाईनं, "बंदरावर जहाज लागलंय. परदेशी मजुरांना लढाईबाहेर, बेनगाझीला नेतायत. नायजर, चाड, घाना, सगळ्यांना. त्यातून जा. तिथं कुणी तुला विचारणार नाही." तिनं गाठोडं सोडलं. तिच्या घरी पूर्वी झाडलोट करणाऱ्या चाडच्या बाईचं विटकं लुगड्यासारखं वस्त्र होतं, रबरी चपला होत्या. "हे गुंडाळ. ते बूट काढ, मास्तरणीचे बूट लगेच ओळखू येतात. ओळखपत्र इथंच ठेव. झडतीत सापडलं तर आडनाव वाचतील. आणि चष्मा काढ."

"चष्म्याशिवाय मला दिसत नाही, तुला ठाऊक आहे."

"काय बघायचंय आता?" नजमिया म्हणाली. तिनं स्वतःच हात पुढं करून चष्मा उतरवला, घडी घालून आपल्या झग्याच्या खिशात टाकला. इतक्या जवळ आली तेव्हा तिच्या अंगाला कांद्याचा वास येत होता. तिनं वस्त्र वनीसाच्या डोक्यावरून घेतलं, खांद्याशी गाठ मारली, टोक खोचलं. लग्नाच्या दिवशी वनीसानं तिला सजवलं होतं तितक्याच निगुतीनं.

"तूपण ओळखत होतीस त्याला," वनीसा म्हणाली.

नजमियाचे हात गाठीवर थांबले. "माझा कुठं होता तो?" ती म्हणाली. "तुझा होता." आणि तिनं गाठ ओढून घट्ट केली.

बंदराच्या वाटेवर ती बजावत होती. "तोंड उघडू नकोस. एक शब्द बोललीस तर आपल्या बोलीवरून कळेल. कुणी काही विचारलं तर मान हलव, समजत नाही अशी. मी बोलेन." धक्क्यावर हजारो माणसं ब्लँकेटं पांघरून पसरली होती, जळलेल्या रबराचा आणि समुद्राचा वास होता, आणि वनीसाला चेहऱ्यांऐवजी नुसते काळे-तपकिरी ठिपके दिसत होते. रांगेच्या तोंडाशी एक स्वयंसेवक होता. आवाजावरून विशी-बाविशीचा, दमलेला. "ही कोण?" त्यानं नजमियाला विचारलं.

"चाडची आहे," नजमिया म्हणाली. "आमच्याकडं धुणीभांडी करायची."

"नाव?"

"कोण जाणे बाबा. आम्ही नुसतं ए म्हणायचो." आणि ती हसली. पोरगाही हसला. वनीसा समोर बघत उभी राहिली. पोरानं तिच्या तोंडापुढं बोटं नाचवली, लहान मुलाशी किंवा बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, "तू! बोटीत! जा! खायला मिळेल, खायला!" आणि हातानं घास तोंडात घातल्याची खूण केली. तिनं मान हलवली. तिच्या दंडाला धरून त्यानं तिला रांगेत ढकललं. मागून नजमियाचा आवाज आला, "सांभाळून ने हं तिला, कामाला चांगली होती," आणि त्या आवाजात काहीतरी चिरकलं, किंवा वाऱ्यानं तसं वाटलं. वनीसा वळली. माणसांच्या धूसर गर्दीत एक उभा ठिपका होता. तो हात हलवत होता की डोळे पुसत होता की नुसती ओढणी सावरत होता, ते चष्म्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

जहाज सुटलं तेव्हा किनाऱ्यावरून धूर उठत होता. डेकवर तिच्याशेजारी एक बाई पाठीला तान्हं बांधून बसली होती. तिनं आपल्या जवळच्या पावातला तुकडा मोडून वनीसापुढं धरला, आणि तुटक्या-मुटक्या अरबीत विचारलं, "ती तुझी मालकीण होती का? हिरव्या झग्यातली?" वनीसानं पाव हातात घेतला. बाईला उत्तराची घाई नव्हती. "माझीनं दार लावून घेतलं," ती म्हणाली. "बाळ आजारी होतं तरी. आम्ही रस्त्यावर निजलो. तुझी तर बंदरापर्यंत आली सोडायला. बोट सुटेस्तोवर उभी होती, मी बघत होते. एवढं कोण करतं आपल्यासाठी?" तिनं वाट बघितली, मग वनीसाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चांगली होती ना?"

घर सोडल्यापासून मिटलेलं तोंड वनीसानं उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती.

"हो," ती म्हणाली. "चांगली होती." आणि पाव खाऊ लागली.